प्रयोग मुलांच्या हाती देताना : सोलापुरात भौतिकशास्त्राचा वर्ग नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

यंत्रमागाचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात नोकरी करीत असताना मी शहराच्या पूर्व भागातील एका शाळेत दर रविवारी आठवी-नववीच्या मुलांना भौतिकशास्त्राचे प्रयोग करून दाखवू लागलो. 'करून दाखवू लागलो' या तीन शब्दांतच माझी पहिली चूक दडलेली होती, आणि ती ध्यानात यायला मला पूर्ण एक वर्ष लागले.

त्या वर्षी विद्युत मोटारीच्या पाठासाठी मी शनिवारी रात्री जागून तांब्याच्या तारेची बारा वेटोळी गुंडाळली, प्रत्येकाची टोके पॉलिश पेपरने नेमकी हवी तेवढीच खरवडली आणि सकाळी प्रत्येक गटाला तयार संच दिला. दहा मिनिटांत बाराही मोटारी फिरू लागल्या, टाळ्या पडल्या, मुख्याध्यापकांनी छायाचित्र काढले. पुढच्या रविवारी मी सहज विचारले, की तारेचे एक टोक अर्धेच का खरवडले होते? एकाही मुलाला सांगता आले नाही, कारण खरवडण्याचे काम मी करून ठेवले होते आणि त्या मोटारीतील सारे भौतिकशास्त्र त्या खरवडण्यातच होते. हा लेख त्या रविवारनंतर शिकलेल्या गोष्टींचा आहे. आपण नव्याने रुजू झालेले विज्ञान शिक्षक असाल, अभियांत्रिकी पदविका घेऊन आठवड्यातून दोन तास देऊ इच्छिणारे स्वयंसेवक असाल किंवा घराच्या गच्चीवर चार मुले जमविणारे पालक असाल, तरी पुढील टप्पे आपल्या उपयोगी पडावेत.

१. परवानगी आणि कागदपत्रे

हा भाग कंटाळवाणा आहे. परंतु येथे घाई केल्यास पुढे वर्ग बंद पडतो. शाळेत काम करावयाचे असल्यास खालील कागद पहिल्या रविवारपूर्वीच एका फाइलमध्ये लावून ठेवावेत.

- मुख्याध्यापकांचे लेखी परवानगीपत्र, ज्यात वार, वेळ, वर्गखोली आणि हजर राहणाऱ्या शिक्षकांचे नाव असेल.
- प्रत्येक पालकाचे संमतिपत्र. कात्री, पॉलिश पेपर आणि सेल ही साधने वापरली जातील, हे त्यात स्पष्ट लिहावे.
- आपले ओळखपत्र आणि शिक्षणाच्या प्रमाणपत्राची प्रत.
- मुलांची हजेरी आणि सामानाची नोंदवही, दोन्ही वेगवेगळ्या.

संमतिपत्र मराठीतच काढून भागेल असे समजू नये. पूर्व भागात अनेक घरांतून तेलुगू बोलली जाते, काही घरांतून कन्नड आणि उर्दू. म्हणून पालकसभेत ते पत्र मुलांकडूनच त्यांच्या घरच्या भाषेत वाचवून घ्यावे. आमच्याकडे या एका गोष्टीमुळे 'रविवारी पोराला कशाला अडकवता' ही तक्रार जवळजवळ संपली.

२. सामान

बाजारात मिळणारे तयार विज्ञान संच घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील एक तुकडा हरवला की संच कपाटात जातो. आणि मूल घरी जाऊन तोच प्रयोग पुन्हा करू शकत नाही, हा त्याहून मोठा तोटा. पहिल्या सहा महिन्यांसाठी एवढे पुरते : मोठे १.५ व्होल्टचे सेल, २४ ते २६ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप), वीज न जाऊ देणारा मुलामा दिलेली तांब्याची तार, मोठ्या सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधील गोल चुंबक, जाड दोरा, निरनिराळ्या वजनांचे नट, सायकलची टाकाऊ ट्यूब, रद्दी, मीटरपट्टी, पॉलिश पेपर आणि दोन तापमापी. मोबाइलमधील घड्याळ चालते.

तार मोटार वाइंडिंगच्या दुकानात मागावी. जळालेल्या मोटारीतून काढलेली जुनी तार ते फुकटही देतात, पण ती घेऊ नये. तिचा मुलामा करपलेला असतो, त्यामुळे कोठे विजेचा संपर्क होतो आणि कोठे होत नाही याचा पत्ता लागत नाही. रिळाच्या शेवटी उरलेली कोरी तार मागावी. काही पंख्यांच्या वाइंडिंगमध्ये ॲल्युमिनिअमची तारही वापरतात. मुलाम्यामुळे ती तांब्यासारखी दिसू शकते, म्हणून टोक खरवडून आतला धातू पांढरट आहे का ते दुकानातच पाहावे. चुंबकासाठी भंगारवाला गाठावा.

तीन गोष्टी खोलीत येऊच द्यायच्या नाहीत : भिंतीतील २३० व्होल्टचा पुरवठा वापरणारे काहीही, मोबाइलच्या काढलेल्या बॅटऱ्या आणि पाऱ्याची तापमापी. फुटलेल्या तापमापीतील पारा फरशीच्या सांध्यांत शिरला की निघता निघत नाही. लाल द्रवाची तापमापी घ्यावी.

३. पहिला दिवस : लंबक आणि अंदाज लिहिण्याची सवय

पहिल्याच दिवशी मोटार किंवा रॉकेट काढण्याचा मोह आवरावा. लंबकात चमत्कार नाही, म्हणूनच तो पहिल्या दिवसासाठी योग्य. चार-चार मुलांचे गट करावेत : एक सोडणारा, एक मोजणारा, एक वेळ पाहणारा, एक लिहिणारा. पाचवे मूल गटात आले की ते खिडकीबाहेर पाहू लागते.

नट दोऱ्याला बांधून खिडकीच्या गजाला टांगावा आणि कोणी हात लावण्यापूर्वी फळ्यावर प्रश्न लिहावा : नट दुप्पट जड केला तर वीस दोलनांना लागणारा वेळ वाढेल, कमी होईल, की तेवढाच राहील? प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहून त्याखाली सही करावी. सहीची अट मी मुद्दाम ठेवतो. नुसता हात वर केलेले मूल उत्तर कळल्यावर 'मी पण तेच म्हणत होतो' असे म्हणते आणि अंदाज चुकल्याचा जो उपयोग व्हायचा, तो वाया जातो. बहुतेक मुले जड नट लवकर हलेल असे लिहितात. मग मोजावे. वेळ बदलत नाही, हे पाहिल्यावर वर्गात जो गलका होतो तो थोपवू नये.

यानंतर लांबी बदलावी. आधारापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर अंतर ठेवल्यास एका पूर्ण दोलनास सुमारे २ सेकंद लागतात, म्हणजे वीस दोलनांना ४० सेकंद. आता २५ सेंटिमीटर दोरा करावयास सांगून पुन्हा अंदाज लिहून घ्यावा. लांबी पाव केली म्हणजे वेळही पाव, असे बहुतेकांना वाटते; प्रत्यक्षात वेळ निम्मा होतो. नववी-दहावीच्या मुलांना येथून वर्गमूळ आणि गुरुत्वत्वरणाचे मूल्य काढणे सहज जमते.

येथे दोन सापळे आहेत. पहिला मोजणीचा. सोडण्याच्या क्षणी मुले 'एक' म्हणतात, 'शून्य' म्हणत नाहीत. त्यामुळे वीस म्हणून प्रत्यक्षात एकोणीसच दोलने मोजली जातात. त्या एका चुकीने गुरुत्वत्वरण ९.८ च्या ऐवजी १०.९ च्या आसपास येते. दुसरा लांबीचा. दोरा गाठीपर्यंतच मोजून नटाचे निम्मे माप सोडून दिले आणि लांबी ३ सेंटिमीटरने कमी धरली गेली, तर उत्तर ९.५ च्या जवळ येते. ही कारणे आपण सांगू नयेत. सर्व गटांची उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावीत आणि '१०.९ आणणारा गट नेमके काय करतो ते बाकीच्यांनी उभे राहून पाहा' एवढेच म्हणावे. आमच्या वर्गात ही चूक पकडणारी मुलगी एरवी तोंड उघडत नसे. ती दुसऱ्या गटाच्या ओठांकडे पाहत होती.

४. मोटार : वर्गाचा कस लागण्याची जागा

या प्रयोगास पस्तीस मिनिटांची तासिका पुरत नाही, सलग दोन तासिका मागून घ्याव्यात.

मोठ्या सेलवरच तारेचे पंधरा वेढे घ्यावेत, वेटोळे अलगद काढून त्याची दोन्ही टोके समोरासमोर ३-३ सेंटिमीटर बाहेर ठेवावीत आणि टोकांचेच एक-दोन फास वेटोळ्याला मारून ते बांधून घ्यावे. सायकलच्या ट्यूबचा एक पट्टा कापून त्याने सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना घट्ट बसवाव्यात, पिनांच्या भोकांत वेटोळ्याची टोके अडकवावीत आणि सेलच्या अंगावर, वेटोळ्याच्या बरोबर खाली, चुंबक चिकटवावा. एवढे फळ्यावर काढून दाखवावे. खरवडण्याबद्दल मात्र काही सांगू नये.

आता जे घडते ते क्रमाने घडते. प्रथम एकाचीही मोटार हलत नाही. सेल संपलेला आहे, असे सगळे म्हणतात; त्यांना टॉर्चचा लहान दिवा द्यावा, सेल तपासून झाला की ती शंका मिटते. मग कोणाला तरी आठवते, की तारेवर मुलामा आहे आणि तो वीज जाऊ देत नाही. पॉलिश पेपर मागितला जातो. तो मागितल्यावरच द्यावा. मुले दोन्ही टोके गोल फिरवून लख्ख खरवडतात, वेटोळे पुन्हा अडकवतात, आणि ते थरथरते, पाव-अर्धा फेरा घेते, मागे येते व थांबते. ही थरथर या तासाचा गाभा आहे. येथे आपला हात पुढे जाऊ पाहतो. तो मागे बांधून ठेवावा.

थोडा वेळ थांबून एकच प्रश्न विचारावा : वेटोळे उलटे झाले की चुंबक त्याला कोणत्या दिशेने ढकलतो? आगपेटीच्या काडीवर एका बाजूला शाईचा ठिपका देऊन ती हातात फिरवीत मुले यावर वाद घालतात. पहिल्या अर्ध्या फेऱ्यात बल ज्या दिशेला फिरवते, त्याच्या उलट दिशेला ते पुढच्या अर्ध्या फेऱ्यात फिरवू पाहते, कारण तारेतून वाहणारी धारा बदललेली नसते पण तार मात्र दुसऱ्या बाजूला गेलेली असते. मग त्या दुसऱ्या अर्ध्या फेऱ्यात धाराच बंद ठेवली तर? वेटोळे आपल्या जडत्वाने तेवढे अंतर पार करील. म्हणजेच एका टोकाचा मुलामा अर्ध्या परिघावर तसाच ठेवायला हवा. ज्या वर्षी मी गप्प बसलो, त्या वर्षी बारांपैकी तीन गट येथवर स्वतः पोहोचले. बाकीच्या नऊ गटांनी त्या तिघांकडून शिकून घेतले, माझ्याकडून नाही. आणि आधीच खरवडलेल्या टोकाच्या अर्ध्या भागावर मुलामा कसा आणायचा, तर नेलपॉलिशचा हात मारून, हेही त्यांच्यातीलच एकीने सुचविले.

दुरुस्तीचा क्रम भिंतीवर लिहून ठेवावा : सेल, मग पिनांवरचा गंज किंवा तेलकटपणा, मग दोन्ही टोके एका सरळ रेषेत आहेत का, मग वेटोळ्याचा तोल, आणि शेवटी मुलामा. कारखान्यात बिघडलेला माग पाहणारा जॉबरही असाच एका ठरलेल्या क्रमाने जातो. एका वेळी एकच गोष्ट बदलतो. अभियांत्रिकीची ही सवय मुलांना येथे लागते.

धोका : वेटोळे अडकून उभे राहिले तर त्यातून मोठी धारा सतत वाहते आणि तार व सेल हाताला चटका बसेल इतके तापू शकतात. फिरत नसलेले वेटोळे लगेच काढायचे, हा नियम आधीच सांगावा.

५. रद्दीचा पूल

दोन बाकांमध्ये ५० सेंटिमीटरचे अंतर, प्रत्येक गटाला रद्दीचे बारा कागद आणि दोरा. गोंद नाही. पुलाच्या मध्यावर बादली टांगून एक लिटरच्या बाटलीने पाणी ओतत जावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनांची गरज उरत नाही.

केवळ सर्वांत जास्त भार पेलणारा पूल विजयी ठरविल्यास मुले सगळा कागद एका जाड गठ्ठ्यात गुंडाळतात आणि विचार करणे संपते. म्हणून पेललेल्या भारास पुलाच्या स्वतःच्या वजनाने भागावे : २०० ग्रॅमच्या पुलाने ६ किलो पेलले, तर गुण ३०. कागद वाचविणाऱ्याला त्यामुळे महत्त्व येते. वाण्याकडचा लहान काटा तासाभरासाठी सहज मिळतो.

कागदाची घट्ट सुरळी विणायच्या सुईवर वळावी आणि सुई काढून घ्यावी. एकदा जरी सुरळी चेपली, तरी ती नेमकी तेथेच मोडते, म्हणून ती टाकून द्यावी. चार सुरळ्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो, तीन सुरळ्यांचा त्रिकोण कलंडत नाही. हे मुलांनी बोटानेच पाहावे. पूल मोडल्यावर मात्र वर्ग संपवू नये. कोठे मोडला, सुरळी वाकली की गाठ सुटली, याचे चित्र प्रत्येकाने काढावे. आमच्याकडे दर वेळी सुरळ्यांपेक्षा गाठीच आधी जातात.

६. सोलापूरचेच काही

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या सुमारास वर्ग असेल, तर एक छोटा प्रयोग घ्यावा. तळहातावर पेन्सिल उभी तोलून पाहावी आणि मग लांब काठी. लहान पेन्सिल क्षणात पडते, लांब काठी तोलता येते, कारण ती कलायला वेळ घेते आणि तेवढ्यात हात तिच्याखाली नेता येतो. काठीच्या वरच्या टोकाला ओला टॉवेल गुंडाळल्यास काय होईल, याचा अंदाज लिहून घ्यावा. ती अधिक सोपी होते, हे मोठ्या माणसांनाही पटत नाही. यात्रेतील उंच नंदीध्वज, म्हणजे मानाच्या काठ्या, तोलत निघालेली मिरवणूक पाहिलेल्या मुलांना हा प्रश्न परका वाटत नाही. होम मैदानावरील गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसताना वर आणि खाली पोटात काय होते, हे वहीत लिहून आणावयास सांगावे.

मार्चमध्ये हवा कोरडी असते, तेव्हा दोन तापमापी शेजारी टांगून एकीच्या फुग्याला टॉवेलचा ओला तुकडा बांधावा. दोन्ही वाचनांतील फरक नोंदवून तोच प्रयोग जुलैत पुन्हा करावा, म्हणजे माठ पावसाळ्यात पाणी तितके गार का करीत नाही, हे कळते.

खरी श्रीमंती मात्र मागात आहे. सोलापुरी चादरीवरील नक्षी जेकार्डवर उठते, आणि जेकार्ड म्हणजे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी दिलेली आज्ञा : भोक असेल तेथे ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो, एक पुठ्ठा म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या धोट्याची एक फेरी. फ्रान्समधील जोसेफ मारी जेकार्ड यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी प्रचारात आणलेल्या या युक्तीत 'आहे' आणि 'नाही' एवढ्या दोनच खुणांनी यंत्राला सूचना देता येते, आणि संगणकाची लिपीही तीच.

प्रयोगासाठी पुठ्ठ्याच्या चौकटीवर आठ उभे दोरे ताणावेत. आठ घरांच्या कागदी पट्ट्या कापून त्यांवर पंचिंग यंत्राने भोके पाडावीत. एक मूल पट्टी वाचते, दुसरे सांगितलेले दोरे सळईने उचलते, तिसरे रंगीत आडवा धागा ओवते. आठ पट्ट्यांत प्रत्येकाने आपल्या नावाचे पहिले अक्षर विणावे. थोड्याच वेळात कोणीतरी तक्रार करते, की अक्षर आले पण धागा मागे सैल लोंबतो आहे. म्हणजेच सलग फार घरे रिकामी ठेवता येत नाहीत. सलग तीनपेक्षा जास्त नाहीत, असा नियम मुले स्वतः करतात आणि मग अक्षराचे वळण त्या नियमात बसवितात. एका मुलीचे आजोबा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माग चालवीत. ते एका रविवारी आले आणि आमची चौकट पाहून 'ताणा सैल आहे' एवढेच बोलून स्वतः खाली बसले. त्या दिवशीचा वर्ग त्यांनीच घेतला, बराचसा तेलुगूत.

७. शब्दांची अडचण

'करंट बसला' म्हणणाऱ्या मुलाला 'विद्युतधारा' हा शब्द परीक्षेपुरताच वाटतो. 'शक्ती' आणि 'बल' घरी एकच असतात, पुस्तकात नसतात. 'वजन' आणि 'वस्तुमान' यांचेही तसेच. प्रयोग चालू असताना मुलांना त्यांच्या शब्दांत बोलू द्यावे, वहीत लिहिताना पुस्तकी शब्द शेजारी लिहावयास सांगावे. उलट क्रमाने गेल्यास मुले बोलणेच थांबवितात.

८. वर्ग सुरळीत चालू लागल्यावर

अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून केलेली खेळणी महाजालावर विनामूल्य पाहता येतात आणि त्यांपैकी कित्येकांची माहिती मराठीतही आहे. पुढच्या महिन्याचा प्रयोग तेथून निवडावा. जवळच्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतून शाळेत उभारलेली प्रयोगशाळा) असल्यास तेथील मुख्याध्यापकांना भेटून आपल्या मुलांसाठी महिन्यातून एक दिवस मागावा. सोलापूर विज्ञान केंद्राची सहल वर्षअखेरीस ठेवावी, सुरुवातीस ठेवू नये. वर्षभर हात चालविलेली मुले तेथील प्रत्येक मांडणीपुढे थांबतात.

शाळकरी मुलांच्या नव्या कल्पनांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्यास प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये थेट बँक खात्यात मिळतात. नामांकन शाळेमार्फतच होते. मुलाच्या नावाचे वापरात असलेले बँक खाते नसणे आणि खात्यावरील नाव शाळेच्या दाखल्यावरील नावाशी न जुळणे, या दोन कारणांनी आमची दोन नामांकने अडली होती. जूनमध्येच सर्वांची पासबुके पाहून घ्यावीत. प्रदर्शनासाठी ज्वालामुखी आणि थर्माकोलची सौरमाला करू देऊ नये; वर्षभरातला एखादा फसलेला प्रयोग आणि त्याची दुरुस्ती मांडावी. परीक्षक प्रश्न विचारतात, तेव्हा अशा मुलांना बोलता येते.

प्रत्येक रविवारी निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे राखून ठेवावीत. सेल काढून वेगळ्या डब्यात टाकावेत, चुंबक मोजावेत, नोंदवहीत काय संपले ते लिहावे. मोडलेले पूल आणि न फिरलेली वेटोळी फेकू नयेत. त्यांवर गटाचे नाव व तारीख लिहून खोक्यात ठेवावीत. पुढच्या जूनमध्ये नवी मुले येतात, तेव्हा मी ते खोके उघडून एकेक वस्तू एकेका गटापुढे ठेवतो आणि ही का चालली नसेल, ते लिहून खाली सही करावयास सांगतो.